बांधावरची हरळी

खाडीकाठच्या बांधावरची हरळी मी कापून नेली. बांधाच्या शेताकडच्या उतारावरून थोडी न्या, असं ज्याच्या राखणीत तो बांध होता त्या माणसानं मला सांगितलं होतं. मी खाडीकडच्या उतारावरून नेली, आणि भरपूर नेली. पुढं बांध तिथंच फुटला. त्यानं येऊन विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे सगळं आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढं लिहिताना स्वतःची बाजू सावरून घ्यायचा मोह मला होईल, आणि तो मोह मला चांगला ठाऊक आहे.

त्या वेळी मी ठाण्याच्या एका कारखान्यात हेड क्लार्क होतो. राहायला डोंबिवलीला, दोन खोल्यांत; घरी आई आणि पत्नी. देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. कारखाना खाडीच्या बाजूला होता आणि त्याच्या कुंपणापलीकडे आगरी लोकांचं एक जुनं गाव होतं. गावाची भातशेती खाऱ्या जमिनीवरची. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून खाडीच्या कडेनं मातीचा लांबलचक बांध घातलेला आणि त्याच्या आडोशाला शेतं. बांधाला एके ठिकाणी लाकडी झडपेची वाट ठेवलेली, तिला उघाडी म्हणत. शेतात साचलेलं पावसाचं पाणी ओहोटीला तिच्यातून बाहेर सोडायचं आणि भरती चढायच्या आत झडप पाडायची.

बांध साऱ्या गावाचा, पण राखायला घराघरानं वाटून घेतलेला. ज्याच्या वाट्याला जो तुकडा येई त्यानं दरसाल त्यावर चिखल घालायचा, चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, पाडलेली बिळं बुजवायची आणि वरची हरळी जपायची. हरळीची मुळं माती धरून ठेवतात. ती कुणी उपटायची नाही, आपल्या वाट्याची असली तरी नाही, असा गावाचा दंडक होता. बांधावर शेळी चढली तर शेळीवाल्याच्या घरापर्यंत भांडण जाई.

उघाडी ज्याच्या घराकडे होती, तो माझ्या ओळखीचा. मॅनेजरसाहेबांचा नवा बंगला बांधायला काढला तेव्हा सखल जागेत भराव टाकायला त्याची बैलगाडी लावली होती. माझ्याहून थोडा मोठा, काटक, बोलायला मिश्कील. तो मला 'भावसाब' म्हणायचा, मी त्याला 'दादा'. अवसे-पुनवेच्या उधाणाला तो भरल्या ताटावरून उठून उघाडीवर जायचा. त्याच्या आजापासून ते काम त्यांच्या घरात होतं. नारळी पुनवेला गावचा नारळ खाडीत सोडायचा मानही त्याचाच. गाडी हाकताना तो त्याबद्दल चेष्टेनं बोलायचा, "आमच्या घरात सोना नाय, पन नारल हाय." चेष्टा असली तरी त्याला त्या मानाचं केवढं अप्रूप होतं हे मला कळत होतं. एकदा नवा सदरा दाखवून म्हणाला होता, हा वर्षातून एकदाच घालतो, नारळाच्या दिवशी.

बंगला श्रावणात उभा राहिला. दिवाळीच्या सुमारास मुंबईहून कंपनीचे मोठे लोक येणार होते आणि साहेबांच्या बाईंना तोवर बंगल्यासमोर हिरवळ हवी होती. माळ्यानं हरळीच्या काड्या लावून पाहिल्या, पण एका पावसात त्या मातीबरोबर वाहून गेल्या. बाईंनी कुठं तरी पाहिलं होतं की गवत मुळं आणि मातीसकट चकत्या करून कापतात आणि गालिच्यासारखं अंथरतात. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "भाऊसाहेब, जमेल ना?"

मी म्हणालो, "जमवतो."

माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. कंपनीच्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी काही खोल्या होत होत्या आणि मला त्यातली एक हवी होती. आईला दम्याचा त्रास होता, डोंबिवलीच्या आमच्या खोल्या ओल धरायच्या. हे कारण खरं आहे. पण साहेबांनी मला चारचौघांत शाबासकी द्यावी असंही मला वाटत होतं, आणि ते कारण अधिक खरं आहे.

मी दादाला गाठलं.

"दादा, तुमच्या बांधावरची थोडी हरळी पाहिजे."

"कंच्या गनपतीला? अजून येल हाय. दुर्वा पायजेत तं बायकोला सांगतू, जुऱ्या बांधून दील."

"दुर्वा नकोत. मातीसकट पाहिजे. बंगल्यापुढं लावायची आहे."

तो हसायचा थांबला. "मातीसकट म्हंजे बांधाची कातडीच सोलाची. ती नाय देनार भावसाब. दुसरा काय पन मागा."

मी गप्प बसायला हवं होतं. मी आईचा दमा काढला, खोलीचं सांगितलं, हे काम झालं तर खोली मिळेल असंही म्हणालो. असं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो बराच वेळ बैलाच्या मानेवरचे गोचीड काढत राहिला.

"तुमची आय ती माजी आय," तो शेवटी म्हणाला. "उघाडीच्या इकडं बांध रुंद हाय. तिथला घ्या, आतल्या अंगाचा, शेताकडचा. हातभर. खाडीकडं हात लावू नका. आन गावात बोलू नका. मना फाडून खातील."

तो गाडी घेऊन कल्याणच्या बाजारात गेला त्या दिवशी मी माळी आणि दोन मजूर घेऊन बांधावर गेलो. गावातली माणसं वरच्या शेतात बेणणीला होती. माळ्यानं आतल्या उतारावर कुदळ लावली. तिथं माणसांची पायवाट होती. हरळी विरळ, तिच्यात लव्हाळा माजलेला. चकती उचलली की हातात तिची नुसती माती होई. आम्ही पलीकडे उतरलो. ओहोटी होती. खाडीकडच्या उतारावर हरळी अशी दाट होती की तीत बोट शिरत नव्हतं. माळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "इकडची चालेल का, भाऊसाहेब?"

"चालेल," मी म्हणालो.

चकत्या सुरेख निघाल्या. एक काढली की शेजारची काढायचा मोह होई, आणि मी कुणाला थांबवलं नाही. हातभर म्हणता म्हणता बांधाचा एक अख्खा पट्टा उघडा पडला. आम्ही त्यावर खाडीतला चिखल फासला आणि वर वाळकं गवत टाकलं. वरून चालणाऱ्याला काही दिसलं नसतं. ते पाहायला खाडीतच उतरावं लागलं असतं.

पुढचे दिवस मी त्या हिरवळीत इतका बुडालो की बांधाचा विचार मनात येत नव्हता. चकत्या विटांसारख्या सांधे चुकवून बसवल्या. फटींत चाळलेली माती भरली, वरून लाकडी धुम्मसानं हलकं ठोकून घेतलं. पावसानं उघडीप दिली की कडेच्या चकत्या आधी सुकत आणि त्यांची टोकं वर वळत, म्हणून कडांना वेगळं पाणी. पाणीही झारीनं, नळीच्या धारेनं फटींतली माती उडायची. मी आल्या-गेल्याला दटावून ठेवलं होतं, हिरवळीवर पाय टाकायचा नाही, मुळं अजून खालच्या मातीला लागलेली नाहीत. सकाळी कचेरीत जाण्याआधी आणि संध्याकाळी घरी निघण्याआधी मी तिथं वाकलेला असे. एखादी चकती कोपऱ्यातून अलगद ओढून पाहायची. सुटून आली तर अजून नाही. एका सकाळी ओढली आणि ती सुटेना. खालून पांढऱ्या मुळ्यांनी जमीन धरली होती. साहेब व्हरांड्यातून म्हणाले, "वा." तेवढ्यावर मी दिवसभर खूश होतो.

गणपतीला आईनं दुर्वा आणायला सांगितल्या. मी त्याच हिरवळीतल्या खुडून नेल्या. आईनं त्या डोळ्यांजवळ धरून पाहिल्या आणि म्हणाली, "किती कोवळ्या रे, कुठं मिळाल्या?" मी म्हणालो, कचेरीजवळ.

भाद्रपदाच्या अवसेला, पितरांच्या दिवशी, उधाण आलं. वरून पाऊस आणि खाडीकडून वारा. दुपारी मी बंगल्यावर होतो. गावाकडून ओरडा ऐकू आला म्हणून हिरवळीच्या टोकाला गेलो. तिथून बांध दिसायचा. आधी मला वाटलं की बांधावर माणसं जमली आहेत. मग दिसलं की मध्ये बांधच नाही. उघाडीच्या अलीकडे खांड पडली होती आणि तांबडं पाणी शेतात घुसत होतं. भात पोटरीला आलं होतं. माणसं घरांची दारं काढून आणत होती, भाताच्या कणग्या आणत होती, आडवं काही तरी घालायला. पुरुष छातीएवढ्या पाण्यात हात धरून उभे राहिले. पाण्यानं त्यांना बाजूला सारलं. मी धावत जायला हवं होतं. मी हिरवळीवरच उभा राहिलो. खांड नेमकी कुठं पडली हे मला तिथूनही समजत होतं.

ओहोटी लागली तेव्हा पाणी उतरलं, पण मीठ शेतात राहिलं.

खांड बुजवायला दगड आणि लॉरी मागायला गावानं कारखान्याकडे माणूस धाडला. साहेबांनी होकार दिला आणि बोलणी करायला मला पाठवलं. देवळापुढं सगळी बसली होती. मला खुर्ची दिली. दादा समोर मातीत उभा होता.

"खांड तुझ्याच वाट्याला कशी गेली रे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

त्यानं खांडीच्या दिशेनं पाहिलं.

"उघाडी राखाच्या नादात बांध राखाला इसरला," दुसरा म्हणाला.

"त्याला कनाला बोलताव? चिंबोऱ्यांनी इचारलाच नाय त्याला, बिलं पाडू काय म्हनून." तिसऱ्यानं टोमणा मारला.

दोघंचौघं हसले, पण ते हसणं वाईट होतं. मग त्याची आत्या उठली. ती त्या गावातच दिलेली, केस पांढरे झालेले. "तुजा आजा उधानाला पान्यात उभा राहून बांधाला पाठ लावाचा," ती म्हणाली. "तू खाटेला पाठ लाव."

यावर कोणी हसलं नाही. त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. मी कुणाला काही सांगू नये एवढीच त्याची विनवणी होती. हरळी दिली हे कळलं असतं तर दंडक मोडल्याचा दोषही त्याच्यावर आला असता. "चुकला माजा," तो म्हणाला आणि खाली बसला.

उघाडी त्याच्याकडून काढून चुलतभावाला दिली. नारळही चुलतभावाकडे गेला. मग सगळे माझ्याकडे वळले आणि मी दगडांबद्दल बोललो. लॉरी कधी येईल, रस्ता कुठून करावा लागेल, हे मी नीट, व्यवस्थित सांगितलं. निघताना त्या म्हाताऱ्यानं माझे आभार मानले.

चार दिवसांनी दादा बंगल्यावर आला. मी हिरवळीतला लव्हाळा उपटत होतो. तो बाहेर खडीवरच थांबला. कुणाला पाय टाकू देत नाही हे त्याला माहीत होतं.

"भावसाब, एक सांगा. आतल्याच अंगाचा न्हेला ना?"

माझ्या हातात लव्हाळ्याची गाठ होती. "हो दादा. आतलीच."

"खाडीकडं हात नाय लावला?"

"नाही."

त्यानं मान हलवली. "मंग माजाच पाप. दंडक हाय म्हंजे हाय, म्या द्याला नको व्हता." तो गवताकडे वळला. मग विचारलं, "लागली काय जमिनीला?"

"लागली," मी म्हणालो.

"बरा जाला. नायतर दोनी कडून गेली असती."

मला कंपनीची खोली मिळाली. आईचा दमा काही कमी झाला नाही; खाडीचा वारा तिला आणखी सोसेना, आणि दोन वर्षांत आम्ही पुन्हा डोंबिवलीला परतलो.

त्या हिवाळ्यात गावची शेतं पांढरी पडली. दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे पाहवत नसे. पहिल्या पावसाळ्यात कुणी पेरलं नाही. दुसऱ्यात काहींनी पेरलं, रोप हातभर होऊन पिवळं पडलं. माणसं मिठागरावर, रेल्वेच्या कामावर, जिथं मिळेल तिथं मजुरीला गेली. दादाला मी बंगल्यावर माळ्याच्या हाताखाली लावून घेतलं. यात भरपाई होते अशी मी मनाची समजूत घातली. तो रोज सकाळी त्याच्याच बांधावरच्या हरळीला झारीनं पाणी घालायचा. त्याला ती ओळखू येत असेल का, हा प्रश्न मी स्वतःला पडू दिला नाही.

तो गावात सांगायचा, भावसाबांनी अडल्या वेळेला हात दिला. त्याची बायको आमच्याकडे वालाच्या शेंगा पाठवायची. माझी पत्नी म्हणायची, किती मायेची माणसं आहेत. माझ्या ताटातली ती भाजी मी घास घास करून गिळत असे. नारळी पुनवेला गाव वाजतगाजत खाडीवर जाई, तो मात्र त्या दिवशी कामावर येई. मी म्हणायचो, "दादा, आज सुट्टी घ्यायची." तो म्हणायचा, "घरी काय करू?" मिरवणुकीचा ढोल ऐकू येत असताना तो हिरवळीच्या कडांचा लव्हाळा उपटत राहायचा. गावात त्याच्याशी बोलणं बंद नव्हतं, पण बांधाचा विषय निघाला की माणसं त्याच्यासमोर थांबत. पुढं तोही चावडीवर बसेनासा झाला.

सांगायचं ठरवून मी अनेकदा गेलो आणि भलतंच बोलून परत आलो. नोकरी जाईल अशी भीती होती. पण खरी भीती निराळी होती. तो मला जे मानत होता, ते मला सोडवत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी होळी झाल्यावर बाईंनी बंगल्याच्या बाजूलाही हिरवळ करायचं मनावर घेतलं. साहेब बाहेर येऊन मला म्हणाले, "मागच्याच ठिकाणची आणा. गवत उत्तम निघालं." दादा जवळच होता. झारी खाली ठेवून पुढं आला.

"सायेब, ती देली आन बांध गेला. पुना नको."

साहेबांना काही कळलं नाही. "काय म्हणतो हा?" त्यांनी मला विचारलं.

आणि मी म्हणालो, "गावठी समजूत आहे, साहेब."

साहेब आत गेले. तो माझ्याकडे पाहत होता. रागावला नव्हता, गोंधळला होता. "समजूत कशी, भावसाब?" तो म्हणाला. "तुमी व्हतात ना तिथं. हातभर देली, तरी गेला. तुमी सांगाला पायजे व्हता त्यांना."

माझ्यानं पुढं रेटवेना. तिथंच खडीवर उभं राहून मी त्याला सांगितलं. कुठली कापली, किती कापली, वर काय फासलं, आणि त्यानं विचारलं तेव्हा काय उत्तर दिलं. ऐकताना त्याचा चेहरा फारसा बदलला नाही. सांगून संपल्यावर मी त्याचे पाय धरायला वाकलो तर तो मागं सरला.

"मना कनाला सांगताव?" तो म्हणाला. "मना दोसी धरला तो गावानी. दर उधानाला मी आपल्यालाच शिव्या घालाचू, त्या तुमच्या व्हत्या." मग म्हणाला, "वैशाखात बांधावर चिखल घालाला समदी घरा येतील. तवा या. सगला सांगा. मी हातभर देली व्हती, ता पन सांगा. अर्धा नको."

झारी नळाखाली ठेवून तो फाटकातून बाहेर गेला. पुन्हा कामावर आला नाही. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की गवत मी आणणार नाही, आणि का आणणार नाही तेही सांगितलं. ते म्हणाले की हे त्या वेळी कळायला हवं होतं. ते बरोबरच होतं.

वैशाखात मी बांधावर गेलो. ओहोटीची वेळ होती. घराघरातली माणसं रांग धरून खाडीतल्या चिखलाच्या पाट्या वर देत होती. दादा आपल्या वाट्यावर उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलात. मला पाहून त्यानं हातातली पाटी पुढं दिली आणि तसाच उभा राहिला. त्याची आत्या बांधावर बसून माणसांना पाणी देत होती. तिनं मला ओळखलं. "लॉरी घेऊन आलाव काय, भावसाब?" ती म्हणाली. एकदोघं हसले.

मी चपला काढून बांधावर उभा राहिलो. काय बोलायचं ते घरी ठरवून आणलं होतं, त्यातलं काही आठवेना. म्हणून जसं सुचलं तसं बोललो.

"तुमचा बांध माझ्यामुळं फुटला. यांनी मला आतल्या अंगाची हातभर हरळी दिली होती. दंडक मोडून दिली, कारण माझी आई आजारी आहे म्हणून मी यांच्या गळी पडलो. हे कल्याणला गेले होते तेव्हा मी खाडीकडची कापून नेली, मोठा पट्टा कापला, आणि दिसू नये म्हणून वर चिखल फासला. खांड तिथंच पडली. तुम्ही देवळापुढं यांना बोललात तेव्हा मी खुर्चीवर बसून होतो. हे मला विचारायला आले तेव्हा मी नाही म्हणालो."

रांग थांबली होती. पाट्या हातातल्या हातात राहिल्या होत्या. आत्या उठली. "तीन सालं," ती म्हणाली. "तीन सालं तुज्या तोंडात काय गवत व्हता?"

मी उतारावरून खाली चिखलात उतरलो, त्याच्यासमोर गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दादा, गावाच्या अन्नात मी माती कालवली आणि नाव तुमचं जाऊ दिलं. तुमची उघाडी गेली, नारळ गेला, ते माझ्या लबाडीमुळं. चूक माझी होती, आणि गप्प बसलो ते तिच्याहून वाईट होतं. मला माफ करा."